सिडनीतील शनिवारचे बुशवॉक: वर्षभराच्या अनुभवानंतर

सिडनीच्या उत्तर भागातील एका भटकंती क्लबाच्या शनिवारच्या बुशवॉकला, म्हणजे रानातल्या पायी फेरीला, मी वर्षभर नियमितपणे जात आहे. सह्याद्रीतले गड पायांखाली घातलेल्या मराठी माणसाला येथे काय मिळेल, असे ओळखीचे लोक विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम चालण्याची सवय बदलावी लागते. आपण सकाळी ताज्या दमाने चढतो आणि दुपारनंतर उतरतो. परंतु सिडनीभोवतीचे पठार वालुकाश्माचे असून ओढ्यांनी त्यात खोल घळी कोरलेल्या असल्यामुळे येथील अनेक वाटा आधी खाली नेतात आणि खरा चढ पाणी संपत आल्यावर समोर उभा राहतो. लीडर निघण्यापूर्वी प्रत्येकाकडचे पाणी पाहतात आणि एक जाणता सभासद सर्वांच्या मागे चालतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

क्लबाचे खरे बळ मात्र थांब्यांमध्ये आहे. वाइझमन्स फेरीजवळच्या जुन्या ग्रेट नॉर्थ रोडवर आम्ही डिव्हाइन्स हिल चढलो, तेव्हा लीडरांनी कातळावरच्या छिन्नीच्या खुणा आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या दगडी मोऱ्या एकेक करून दाखवल्या. हा रस्ता १८२६ ते १८३६ या काळात कैद्यांनी, त्यांतल्या अनेकांनी पायांत बेड्या असताना, बांधला. २०१० पासून त्याचा काही भाग जागतिक वारशात आहे. त्या दगडांवर हात ठेवल्यावर मला बराच वेळ बोलताच आले नाही.

चहाच्या वेळी ऐकलेली ब्लू गम फॉरेस्टची हकीकतही अशीच मनात राहिली. सिडनीच्या पश्चिमेकडील ब्लू माउंटन्स डोंगरांमधल्या ग्रोस दरीतली ही उंच झाडे तोडून तेथे अक्रोड लावण्याचा भाडेपट्टाधारकाचा बेत १९३१ साली भटक्यांना कळला, आणि त्यांनी १३० पौंड जमवून तो पट्टाच सोडवून घेतला. साप्ताहिक भटकंती करणाऱ्यांनी एक जंगल वाचवले!

निसर्गाची ओळखही घाई न करता होते. उन्हाळ्यात साल टाकून केशरी होणारे अँगोफोराचे खोड, वणव्याच्या धगीनेच उघडणारी काही बँक्सियांची बोंडे, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणारा लायरबर्ड, हे सारे त्याच त्या परिसरात ऋतूमागून ऋतू गेल्यामुळेच कळू लागले.

एक उणीव मला खरोखर खटकते. कु-रिंग-गाय चेस या राष्ट्रीय उद्यानात वेस्ट हेडजवळ आदिवासींनी सपाट खडकावर कोरलेल्या आकृती आहेत. आधी टोचून छिद्रे पाडायची आणि मग ती घासून सलग रेषेत जोडायची, अशी त्यांची रीत. या आकृतींसमोर आम्ही जेमतेम दहा मिनिटे थांबलो. वसाहतकाळातल्या रस्त्याला तासभर आणि त्याहून कितीतरी जुन्या वारशाला एवढाच वेळ देणे मला अन्यायाचे वाटते. पुढील कार्यक्रमात स्थानिक आदिवासी मार्गदर्शकाला मानधन देऊन बोलवावे, अशी लेखी विनंती मी समितीला केली आहे.

बाकी अडचणी किरकोळ आहेत. बऱ्याच वाटांच्या आरंभापर्यंत बस जात नाही, त्यामुळे कोणाच्या तरी गाडीत जागा आधी ठरवावी लागते. पावसानंतर जळवा लागतात आणि वणव्याचा धोका वाढला की फेरी ऐनवेळी रद्द होते, जे योग्यच आहे. नवख्यांनी पहिल्या दोन-तीन शनिवारी सोपी श्रेणीच निवडावी आणि प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी बरोबर ठेवावे.