पाटल्यांवरचा 916

2023 च्या दिवाळीआधी लेकीच्या लग्नासाठी दोन मिळून 20 ग्रॅमच्या पाटल्या घेतल्या. दुकान मोठं, सासूबाईंपासून आमचं तिथेच जाणं-येणं. शेठ म्हणाले, "वहिनी, पक्कं बिल केलं की 3 टक्के जीएसटी. साडेतीन हजार कशाला घालवता? मोडायला आणाल तेव्हा आम्ही आहोतच की." पाटलीच्या आत कोरलेलं 916, म्हणजे 22 कॅरेटचा आकडा, त्यांनी दाखवलं. मी कच्ची पावती घेतली.

यंदा नातीला साखळी करायची म्हणून लेकीने त्यातली एक पाटली दुसऱ्या सराफाकडे नेली, मीही सोबत होते. त्यांनी भिंगातून पाहिलं, पुसून पुन्हा पाहिलं. "916 आहे, पण हॉलमार्कची त्रिकोणी खूण आणि सहा अंक-अक्षरांचा नंबर कुठाय?" मशीनवर आकडा आला 75. म्हणजे 18 कॅरेट! दुसरीचंही तेच. दोन्हींत मिळून सव्वातीन ग्रॅमहून जास्त शुद्ध सोनं कमी, आणि पैसे मोजले 22 कॅरेटचे. लेक घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

जुन्या दुकानात गेले तर उत्तर मिळालं, "या आमच्याच कशावरून?" पावतीवर दुकानाचं नाव नाही, शिक्का नाही, पेन्सिलीने लिहिलेलं वजन आणि रक्कम, बस. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बिल आहे का?"

जीव तुटतो तो इथेच. 1 एप्रिल 2023 पासून तो नंबर, म्हणजे एचयूआयडी, नसलेला हॉलमार्कचा दागिना विकताच येत नाही. शुद्धता कमी भरली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च देण्याचा नियम आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. पण दागिना त्यांनीच विकला हे मी कशाने दाखवू?

बिलावर वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगवेगळं लिहून घ्या. दुकानात भिंग ठेवावंच लागतं, ते मागा. नंबर तिथेच उभं राहून बीआयएस केअर अ‍ॅपवर टाका, हॉलमार्कचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेचं ते अ‍ॅप आहे. दागिन्याचा प्रकारही तिथे दिसतो. हातात पाटली आणि अ‍ॅपवर अंगठी दिसली, तर तो नंबर दुसऱ्याच दागिन्याचा आहे. पैसे देऊ नका.