विंडोजच्या शेजारी मिंट: जुन्या लॅपटॉपवरचा अनुभव

लॅपटॉप २०१६चा, रॅम ४ जीबी. त्यावर विंडोज ११ चढत नाही आणि १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. दुकानदार म्हणाला, "भंगारात घाला, साहेब." मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरपुरतं विंडोज ठेवलं आणि शेजारी ६० जीबी जागा काढून लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं, हलकी एक्सएफसीई आवृत्ती. खर्च शून्य, रविवारची दुपार तेवढी गेली. अपडेट २०२९पर्यंत मिळणार.

खरी गंमत घड्याळाची. मिंट वापरून विंडोजमध्ये गेलो की वेळ साडेपाच तास मागे! सकाळी दहाला पहाटेचे साडेचार. आतल्या घड्याळाचा सेल गेला समजून नवा बसवला, दीडशे रुपये पाण्यात. कारण एवढंच, की मिंट मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकून मिंटला स्थानिक वेळ धरायला लावली, मिटलं.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्यासाठी विंडोज पूर्ण बंद न होण्याची सोय) मात्र आधी बंद करा, नाहीतर मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. मराठी टाइप करायला इनस्क्रिप्ट कीबोर्ड आहेच. स्कॅनरसाठी अजून विंडोजच उघडतो.