४११६ सांगून ४१६४ मेमरी चिपा गळ्यात मारल्या, जुन्या कॉम्प्युटरवाल्यांनो बघून घ्या

लाज वाटते लिहायला, पण तो माणूस अजून राजरोस विकतोय म्हणून लिहितोय. काकांचा जुना डीबी स्पेक्ट्रम प्लस कॉम्प्युटर आहे घरी, त्याच्या खालच्या १६ के मेमरीच्या आठही ४११६ चिपा गेलेल्या. इथं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या रिपेअरवाल्या दादांनी त्या काढून सॉकेट बसवून दिले. लक्ष्मीपुरीत विचारलं, कुठं मिळणार आता त्या! मग ऑनलाइन हा भेटला, "सर, ओरिजिनल माल, शेवटचे आठच पीस." ३५० ला एक, म्हणजे २,८०० आणि कुरिअरचे १५०, यूपीआयने २,९५० गेले. आल्या त्या ४१६४, वर ४११६ छापलेल्या.

४११६ ला एक नंबर पायावर वजा ५, आठवर १२ आणि नऊवर ५ व्होल्ट लागतात. ४१६४ दिसायला डिट्टो तशीच, १६ पायांची, पण तिला फक्त ५ व्होल्ट लागतात आणि ते आठ नंबरवर. तिथं गेले १२. आठही चिपा खलास, वर बोर्डावरचा टीआर४ ट्रान्झिस्टर पण उडाला, त्याचे मजुरीसकट ४५० वेगळे.

डोक्यात राग जातो तो पाकीट उघडलं तेव्हाचा. वर सगळ्यांवर एकच कोड, ८३३८, म्हणजे १९८३ चा ३८ वा आठवडा, आणि उलट्या केल्या तर पोटावर काहींच्या सिंगापूर, काहींच्या मलेशिया. एका लॉटचा माल आणि दोन देश? दिसलं होतं हो मला ते!! पण दादा म्हणाले असतंय कधीकधी, आणि छपाई इतकी स्वच्छ की कुणीही विश्वास ठेवला असता, वीस वर्षं सोल्डरिंग करणारा माणूस ठेवतो तर नवख्याचं काय. एक नंबर पायाजवळचा गोल खड्डा बघत जा, असली चिपवर तो आतून चकचकीत असतो, यांचा काळ्या रंगाने बुजलेला. नंतर कापसावर ॲसिटोन घेऊन पुसलं तर कापूस काळा आणि खाली घासलेल्या रेघा. नुसती अक्षरं गेली तर घाबरू नका, जुनी शाई असलीवरची पण जाते, काळा थर सुटला की नकली. गुजरीत सोनं कस लावल्याशिवाय घेत नाही आपण, मग इथंपण पुसल्याशिवाय सॉकेटला लावू नका.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणतात वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली. अहो, वस्तू दुसरीच दिली हीच फसवणूक! चिप हातात घेऊन उलटीपालटी केली, बिल आहे का विचारलं, विकणाऱ्याचा नंबर दुसऱ्या राज्यातला म्हणून तिकडं तक्रार द्या म्हणाले, आणि तीन हजारासाठी कशाला डोक्याला ताप असंही वर. माझे तीन हजार काय झाडाला लागलेत? बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकला, विषय संपला. अर्ज घ्या म्हटलं तर शिक्का मारायला पण तयार नाहीत, या टेबलावरून त्या टेबलावर. पैसे गेले की लगेच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, नंतर कुणी विचारत नाही.

स्पेक्ट्रमच्या वरच्या ३२ के मेमरीसाठी टीआयच्या (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स) ४५३२ घेत असाल तर नंबरच्या शेवटी ३ आहे का ४ ते बघा, ती अर्धी खराब ६४ के चिपच असते, कुठला अर्धा भाग चांगला ते त्या आकड्यावरून कळतं, आठही एकाच जातीच्या लागतात, हा तीपण मिसळून देईल. उलट्या बाजूचा फोटो मागा, दिला नाही तर सोडा.

८३३८ वाल्या चिपा अजून कुणी घेतल्या असतील तर कळवा. चार जणांनी मिळून अर्ज दिला तर लिहून तरी घेतील.