एसएमपीएस टेस्टर: बंद पडलेल्या कॉम्प्युटरला कामाचा, हँग होणाऱ्याला नाही

मुठीत मावणारा प्लास्टिकचा डबा, वर छोटा एलसीडी स्क्रीन, किंमत पाचशे रुपयांच्या आगेमागे. कडेला 24 पिनचं सॉकेट, सीपीयूच्या 4 आणि 8 पिनची जागा, ग्राफिक्स कार्डाची 6 पिन, आणि हार्ड डिस्कसारख्या भागांना वीज देणाऱ्या साटा आणि मोलेक्स पिनांची जागा. बटण दाबलं तरी कॉम्प्युटर हलत नसेल, तर खोट एसएमपीएसची (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) की मदरबोर्डची, हे दोन मिनिटांत सांगायचं हे याचं काम. ते काम तो नीट करतो. पण लोक तो घेतात हँग होणारा कॉम्प्युटर तपासायला, आणि तिथे तो फसवतो.

वापर सोपा आहे. प्लग काढा, कॅबिनेट उघडा, एसएमपीएसच्या सगळ्या पिना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कमधून सोडवा. आधी 24 पिन टेस्टरमध्ये बसवा, मग सीपीयूची पिन. ग्राफिक्स कार्डाची पिन नंतर वेगळी तपासा, सगळ्या एकदम खुपसू नका. मग लाइट चालू करा. टेस्टर हिरवी वायर काळीला जोडतो आणि एसएमपीएसला वाटतं मदरबोर्डानेच हाक मारली. पंखा फिरायला हवा आणि आकडे यायला हवेत.

आकडे असे वाचा. 12 व्होल्ट 11.4 ते 12.6 मध्ये, 5 व्होल्ट 4.75 ते 5.25 मध्ये, 3.3 व्होल्ट 3.14 ते 3.47 मध्ये हवेत. 5 व्हीएसबी म्हणजे जांभळ्या वायरीवरचा स्टँडबाय, कॉम्प्युटर बंद असतानाही चालू राहणारा 5 व्होल्ट. तो नसेल तर बटण दाबून काहीच होणार नाही. उणे 12 थोडा इकडेतिकडे असला तरी घरच्या कॉम्प्युटरला फरक पडत नाही. पीजी म्हणजे पॉवर गुड, व्होल्टेज स्थिर झाल्याचा एसएमपीएसचा इशारा, तो 100 ते 500 मिलिसेकंदांत हवा. ‘एलएल’ दिसलं तर व्होल्टेज कमी किंवा नाहीच, ‘एचएच’ म्हणजे जास्त. यातलं काहीही दिसलं तर एसएमपीएस बदला. तो उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) प्लग काढल्यावरही सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठून राहू शकतो.

आकडे बरोबर आले आणि तरी कॅबिनेट मेलेलंच असेल, तर एसएमपीएसवरचा संशय बराच कमी होतो. पंखा अर्धा सेकंद फिरून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता जास्त: साटा, यूएसबी, ग्राफिक्स कार्ड एकेक काढून पाहा. पंखे फिरतात पण स्क्रीन काळाच, तर रॅम काढा, सोनेरी कड खोडरबरने घासा, एकच पट्टी लावून चालू करा. 3 व्होल्टचा सीआर 2032 सेलही बदलून पाहा, स्वस्तात काम होतं.

आता दुसरी बाजू. टेस्टर एसएमपीएसवर जवळजवळ लोडच टाकत नाही. कपॅसिटर सुकलेला, 12 व्होल्टला जेमतेम धरून ठेवणारा एसएमपीएस इथे ऐटीत 12.1 दाखवतो आणि घरी गेम किंवा व्हिडिओ लावला की कोसळतो. 12 व्होल्टवरचा रिपल, म्हणजे डीसीतली बारीक थरथर, 120 मिलिव्होल्टच्या आत हवा. तो या स्क्रीनवर दिसतच नाही. शिवाय आकडा एकाच दशांशापर्यंत, म्हणजे 4.75 आणि 4.84 दोन्ही 4.8.

आपल्याकडे हे जास्त टोचतं. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतलं कॅबिनेट म्हणजे भट्टीच. तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. शेतवस्तीवर थ्री फेज आली की डीपीवरच्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज बसतं, आणि थकलेला एसएमपीएस तेवढा झटका सोसत नाही. दुपारी टेस्टर लावला तर सगळं ओके, रात्री कॉम्प्युटर रिस्टार्ट. याला टेस्टरचा दोष म्हणता येत नाही, पण डब्यासोबतच्या कागदावर याचा एक शब्द असतो का? नाही.

हँग होणाऱ्या कॉम्प्युटरसाठी दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर जास्त उपयोगी. डीसी 20 व्होल्टवर ठेवा, मोकळ्या मोलेक्स पिनच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीत प्रोब धरा, आणि कॉम्प्युटर चालू ठेवून त्याच्यावर काम टाका. आकडा 11.4 च्या खाली गेला तर गुन्हेगार सापडला. नाही गेला तर रॅम तपासणारं मेमटेस्ट 86+ पेन ड्राइव्हवरून चालवा. पूर्ण फेरीत एकही एरर खपवून घ्यायचा नाही. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल डिस्क इन्फोमध्ये 05 आणि सी5 (डिस्कवरच्या खराब जागांचे आकडे) पाहा, ते वाढत असतील तर आधी फोटो-कागदपत्रांची कॉपी काढा. सी7 (केबलवरून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कआधी साटा केबल बदला. प्रोसेसरवरच्या पंख्यात धुळीची गादी बसली असेल तर ती कुठल्याच मीटरवर दिसणार नाही, डोळ्यांनी पाहावी लागते.

कुणी घ्यावा? दुकान चालवणाऱ्याने, शाळेच्या लॅबमध्ये दहा-वीस कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याने डोळे झाकून. घरी एकच कॉम्प्युटर असेल तर मल्टिमीटर आणि हिरव्या-काळ्या पिनांत अडकवायला वाकवलेली पेपर क्लिप एवढ्यात जवळजवळ तीच तपासणी होते. मात्र क्लिप लावताना लाइट बंद, आणि लाइट आल्यावर तिला हात नाही.

घेण्याआधी आपला एसएमपीएस एकदा उघड्या डोळ्यांनी पाहा. ऑफिसातून निघालेले जुने डेल, एचपी, लेनोव्होचे कॉम्प्युटर सध्या घरोघरी आहेत, आणि त्यातल्या अनेकांची मदरबोर्डची पिन 24 ची नसून 6, 8, 10 किंवा 14 ची असते. ती या डब्यात बसत नाही. जोर लावून तर अजिबात बसवू नका, वायरींचा क्रमच वेगळा असतो.