नॅनो हळद पावडर: दुधात झकास, लेबल अर्धवट

आम्ही सांगलीकर, हळद पारखून घेणारी माणसं. म्हणून ही ‘नॅनो करक्युमिन’ची (करक्युमिन म्हणजे हळदीतला पिवळा घटक) पाकिटं मुद्दाम मागवली. साधी हळद पाण्यात ढवळली की थोड्या वेळात तळाशी बसते. ही बसत नाही. सकाळी केलेलं पिवळंधमक, दुधाळ पाणी संध्याकाळीही तसंच, तळाला नावापुरता गाळ. करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. इथे ते सोडियम केसिनेटच्या, म्हणजे दुधातल्या प्रथिनाच्या, अतिसूक्ष्म कणांत कोंबलंय. उग्रपणा जवळजवळ नाही. कोमट दुधात झकास लागते.

लिंबू सरबतात मात्र चुकूनही घालू नका. हे दुधातलं प्रथिन, केसिन, आंबटपणाने, साधारण ४.६ पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप) साकळतं. ग्लासात लगेच पिवळ्या गुठळ्या. पाकिटावर याचा उल्लेख नाही.

मोठी तक्रार वेगळीच. घटकांत बारीक अक्षरात ‘कायटोसान’ आहे. हे बहुतेकदा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं, बुरशीपासूनही बनवता येतं. यांचं कशापासून? कस्टमर केअरचं उत्तर, ‘कळवतो.’ अजून कळवताहेत! सासूबाई कट्टर शाकाहारी, त्यांना कोणत्या तोंडाने देऊ?

करक्युमिनचं शरीरात शोषण वाढतं म्हणून एवढी किंमत. पण मिऱ्यातल्या पायपरिनने माणसांत करक्युमिनचं शोषण २० पट वाढल्याचं बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्येच दाखवलंय, आणि मिरी घरातच असते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. ५ पैकी ३ तारे, तेही चवीचे.