टॅगची अँटेना: टी-मॅच की लूप, आणि सिम्युलेशन कशात करायचं

यूएचएफ आरएफआयडी टॅगची (रीडरला रेडिओ लहरींनी उत्तर देणाऱ्या चिपच्या लेबलची) अँटेना करायला घेतली की जो तो आधी विचारतो, सिम्युलेशनला एचएफएसएस घेऊ, सीएसटी घेऊ (ही दोन्ही विकतची) की फुकटातलं काही चालेल. मी म्हणेन आधी मॅचिंग, म्हणजे अँटेनाचा इम्पिडन्स चिपशी जुळवणं, कुठलं करणार ते ठरवा, टी-मॅच की लूप, खरा वेळ तिथेच जातो.

एक चिप धरून बोलू. एलियनची हिग्स-३, डेटाशीटमध्ये १५०० ओम आणि ०.८५ पिकोफॅरड पॅरलल. आपल्याकडे टॅग ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झमध्ये चालतात (फास्टॅग पण तिथलाच), तर ८६६ ला याचं सिरीजमध्ये रूपांतर केलं की साधारण ३०.५ ओम आणि उणे २१२ ओम रिअ‍ॅक्टन्स येतो. म्हणजे अँटेनाने ३०.५ ओम आणि अधिक २१२ द्यायला हवा, जवळपास ३९ नॅनोहेन्रीचं इंडक्टन्स. त्यामुळे ५० ओमच्या पोर्टवरचा एस११ (पोर्टवरून किती सिग्नल परत फिरतो ते) बघण्यात काहीच अर्थ नाही, कितीही खोल खड्डा दिसू दे. आणि पोर्टला कॉम्प्लेक्स इम्पिडन्स दिलात तरी एस-पॅरामीटरच्या दोन व्याख्या दोन वेगळी उत्तरं देतात, म्हणून सरळ झेड११ (अँटेनाचा स्वतःचा इम्पिडन्स) एक्सपोर्ट करा आणि चिपला पॉवरचा किती हिस्सा पोचतो ते स्वतः काढा: दोन्ही रेझिस्टन्सचा गुणाकार गुणिले चार, भागिले दोन्ही इम्पिडन्सच्या बेरजेच्या मापाचा वर्ग. रेंज याच्या वर्गमुळाने बदलते, म्हणजे अर्धी पॉवर गेली तरी ७१ टक्के रेंज हातात राहते, त्यामुळे परफेक्ट मॅचच्या मागे आठवडे घालवू नका.

आता टी-मॅच. डायपोलच्या (दोन बाजूंना पसरलेल्या मुख्य अँटेनाच्या) मधल्या भागाला समांतर एक पट्टी जोडायची आणि चिप त्या पट्टीत बसवायची. जागा कमी लागते, सगळं एकाच तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या आकारात होतं, बाजारातल्या कितीतरी इनलेमध्ये (फिल्मवरच्या तयार चिप-अँटेनामध्ये) हेच किंवा याचंच भावंड दिसतं. अडचण अशी की पट्टीची लांबी, रुंदी, डायपोलपासूनचं अंतर, यातलं काहीही हलवलं की रेझिस्टन्स आणि रिअ‍ॅक्टन्स दोन्ही एकदम हलतात, मग नवशिक्या माणूस पॅरामीटर स्वीप लावून वाट बघत बसतो आणि शेवटी कशामुळे काय झालं ते कळतच नाही.

लूपमध्ये चिप एका छोट्या लूपवर असते आणि लूप डायपोलच्या शेजारी, तार जोडलेली नसते. इथे रिअ‍ॅक्टन्स मुख्यतः लूपच्या आकाराने ठरतो आणि रेझिस्टन्स लूप-डायपोलमधल्या अंतराने. जवळ आणलं की रेझिस्टन्स वाढतो, लूप मोठा केला की इंडक्टन्स वाढून ट्यूनिंग खाली सरकतं. एका वेळी एकच गोष्ट हलवता येते, हे मला फार मोलाचं वाटतं. फक्त हे दोन नॉब वेगळे राहतात ते डायपोल स्वतः रेझोनन्सजवळ असेपर्यंतच, काच किंवा पाण्याची बाटली आली की डायपोल सरकतो आणि त्याचा रिअ‍ॅक्टन्स लूपमध्ये उलट्या चिन्हाने परत येतो. तरीही पहिल्यांदा करणाऱ्याने लूपच घ्यावा. टी-मॅच जागा अगदी टंचाईची असेल तेव्हा.

सॉफ्टवेअरचं बघू. ४एनईसी२ फुकट आहे, झटपट चालतं, पण आतलं एनईसी-२ इंजिन मुख्यतः तारांचं, सब्सट्रेट (अँटेनाखालची फिल्म) किंवा काच त्यात बसतच नाही. पट्टीच्या जागी रुंदीच्या पाव भागाएवढ्या त्रिज्येची तार धरून आकाराचा अंदाज घ्यायला ठीक, विंडशील्डच्या टॅगसाठी नाही, कारण काचेचा डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट ६-७ च्या आसपास असतो आणि डायपोल बराच आखूड करावा लागतो. एचएफएसएस स्वतःच मेश (गणितासाठी केलेले बारीक तुकडे) सुधारत नेतं, पातळ थरांचा त्रास होत नाही, कॉलेजात लायसन्स असेल तर डोळे मिटून तेच घ्या. सीएसटी पण तितकंच चांगलं. दोघांच्या स्टुडंट आवृत्त्या मिळतात पण मेशवर मर्यादा आहे, मोठी वस्तू सोबत ठेवली की अडता.

लायसन्स नसेल तर ओपनईएमएस. पायथन किंवा ऑक्टेव्हमध्ये स्क्रिप्ट लिहायची, पैसे शून्य, काच, पुठ्ठा सगळं ठेवता येतं. पण हे एफडीटीडी आहे, म्हणजे जागेचे छोटे सेल करून वेळेच्या छोट्या पायऱ्यांनी गणित पुढे नेणारी पद्धत, आणि सगळ्यात बारीक सेल टाइमस्टेप ठरवतो. टॅगची ५० मायक्रॉनची पीईटी (प्लॅस्टिक) फिल्म दोन सेलमध्ये कापलीत तर एका सायकललाच जवळपास १४ हजार स्टेप लागतात, रात्रभर मशीन घुमत राहतं. म्हणून आधी फिल्म सोडून द्या, काच ठेवा, आकार जमला की शेवटी एकदा फिल्म घाला.

कुठलंही घेतलंत तरी चिप चिकटवताना जी जास्तीची कपॅसिटन्स येते ती मॉडेलमध्ये धरा. समजा ०.२ पिकोफॅरड वाढली, तर ८६६ ला ट्यून केलेलं साधारण ७८० वर जाऊन बसतं! ही किंमत असेंब्लीवाल्यालाच विचारा, आणि पहिल्याच बॅचमध्ये लूपचे चार-पाच थोडे लहानमोठे आकार एकाच शीटवर छापून घ्या. मग प्रत्येक आकार खऱ्या काचेवर किंवा खोक्यावर लावून, रीडरची पॉवर कमी करत करत कुठला सगळ्यात कमी पॉवरला जागा होतो ते बघा. कोॲक्स थेट टॅगला जोडून मोजू नका, टॅग बॅलन्स्ड असतो, केबलच अँटेनाचा भाग होऊन बसते.