दोन देशांतल्या जोडप्यांसाठी दिवस-मोजणी अ‍ॅप: वही म्हणून चोख, निकालाला कच्चं

नवरा एका देशात, बायको दुसऱ्या देशात, आणि करासाठी कोण कुठला रहिवासी हा घोळ. त्यावर मिळणारी दिवस-मोजणी अ‍ॅप्स हजेरीवही म्हणून वापरली तर पैसे वसूल. लोकेशनवरून देश आणि तारीख आपोआप चढते, बोर्डिंग पासही जोडून ठेवता येतो. गोची होते ती मुख्य पानावरच्या चकतीमुळे. तिथे हिरव्या रंगात ‘१८३ पैकी ६०’ दिसलं (वर्षात १८३ दिवस झाले की रहिवासी, हा ढोबळ नियम) की माणूस निर्धास्त होतो.

ब्रिटनचं बघा. बायको लंडनला, तिथली रहिवासी. नवरा दीड वर्षापूर्वी देश सोडून गेलेला, बाहेर अर्धवेळ काम करतो. करवर्षात ३० वेळा शुक्रवारी संध्याकाळी येतो, रविवारी संध्याकाळी निघतो. ब्रिटनमध्ये मध्यरात्री तुम्ही देशात असाल तर तो दिवस धरतात. म्हणजे फेरीमागे दोन, एकूण ६०. पण आधीच्या तीन करवर्षांत कधीही रहिवासी असलेल्याला ४६ ते ९० दिवसांच्या टप्प्यात तीन ‘टाय’ (ब्रिटनशी असलेले धागे) झाले की पुरे. रहिवासी बायको हा एक. तिचं घर त्याला कायम मोकळं आहे आणि तो तिथेच उतरतो, हा दुसरा. मागच्या दोन करवर्षांपैकी एकात ९० पेक्षा जास्त दिवस राहिला होता, हा तिसरा. झाला रहिवासी! परदेशात आठवड्याला सरासरी ३५ तासांची सलग नोकरी असती आणि ब्रिटनमधले कामाचे दिवस ३० च्या आत असते, तर ह्याच ६० दिवसांत तो सुटला असता. चकती यातलं काहीच विचारत नाही.

अमेरिकेत त्याच फेरीचे तीन दिवस होतात, कारण दिवसाचा तुकडाही मोजतात. शिवाय यंदाचे पूर्ण, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीचे एक षष्ठांश अशी बेरीज असते. तिन्ही वर्षं १२० दिवस राहिलात तर १८०, म्हणजे वाचलात. १२२ झाले की बरोबर १८३ आणि अडकलात.

‘कपल प्लॅन’च्या वाटेला जाऊ नका. दोघांच्या नोंदी एका खात्यात मिसळतात, आणि भारतात तर दिवस ज्याचे त्याचे स्वतंत्रच मोजतात. बायको इथली रहिवासी म्हणून नवरा होत नाही.

घ्यायचंच असेल तर आधी सेटिंग उघडा. करवर्ष बदलता आलं पाहिजे (भारत १ एप्रिल, ब्रिटन ६ एप्रिल), मोजणी मध्यरात्रीची की तुकड्याची हे निवडता आलं पाहिजे, नोंदी एक्सेलमध्ये उतरवता आल्या पाहिजेत. काहींत करवर्ष १ जानेवारीलाच खिळलेलं असतं, ती सोडा.

दोन्ही देशांनी एकाच माणसावर हक्क सांगितला, तर त्या दोन देशांमधल्या कर-करारातला (एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून केलेल्या) क्रम लागतो. बहुतेक करारांत आधी कायमचं घर, मग जिव्हाळ्याचे आणि पैशाचे संबंध, मग नेहमीचा मुक्काम, मग नागरिकत्व. दिवसांचा हिशेब तिथे तिसऱ्या पायरीवर कामाला येतो. त्याआधी घराचा करारनामा आणि मुलांच्या शाळेची कागदपत्रं काढून ठेवा.